कोहळ्याला आलेलं उत्तर

बाहेर चपलांचा ढीग आणि आत माणसांचा. दारासुरमच्या रस्त्यावरचं ते कल्याणमंडपम् खरं म्हणजे लग्नांसाठी बांधलेलं. पण आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, तामिळ मुलुखात लग्नं लागत नाहीत, हॉल ओस पडतो. तेवढी संधी साधून तिरैचित्तर सामींनी तो धरला आणि मग सोडलाच नाही. तिरै म्हणजे पडदा, चित्तर म्हणजे सिद्धपुरुष. पडद्यावरचा सिद्धपुरुष! नुसतं नाव ऐकूनच चैत्रा तोंड वाकडं करायची.

व्यासपीठावर चांदीच्या पाटावर लॅपटॉप. त्याला मोगऱ्याचा हार, दोन्ही बाजूंना समया. मागच्या भिंतीवर मोठा पडदा. लॅपटॉपवर जे उमटेल ते सगळ्या हॉलला तिथे दिसायचं. आणि पाटाशेजारी स्वतः सामी, तुपकट ओठांचे, गुबगुबीत, रेशमी उपरण्यातले.

"ऋषींनी आधी ताडपत्रांवर लिहिलं," सामी माइकमध्ये सांगत होते. "ताडपत्रांना वाळवी लागली. मग ऋषी काय हात चोळत बसणार? वाळवी लागणार नाही असं पान त्यांनी शोधलं! आज ते इथे, या यंत्रात, तुमच्यासाठी लिहितात. मी कोण? मी फक्त फूल वाहणारा."

टाळ्यांचा कडकडाट. एक बाई तर हुंदके देऊन रडायलाच लागली.

"वसंता पद्मनाभन्!" सीतालक्ष्मीने पुकारा केला. ही सामींची मुख्य शिष्या. बोलायला अशी गोड, की रांगेतल्या बायकांना हिच्या हातची फिल्टर कॉफी म्हणजे अर्धं दर्शन झाल्यासारखंच वाटायचं.

चैत्राची आई उठली. उजव्या पायाला जाड फडकं गुंडाळलेलं. दिरांचा, पांडुरंगरावांचा, हात धरून ती लंगडत वर गेली आणि पाटासमोरच्या खुर्चीत बसली. सामींनी डोळे मिटले, तबकातलं एक फूल उचललं, कीबोर्डवर वाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर जोडले. हॉल चिडीचूप. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावरचा बाण आपसूक हलला. कुणाचा हात नाही, बोट नाही. बाण सरकत सरकत पांढऱ्या पानावर जाऊन टेकला आणि तामिळ अक्षरं एकामागून एक उमटू लागली.

'वसंता, बाळ. दर शुक्रवारी विड्याची पानं घेऊन घरी येणारा तुझा नवरा माझ्यापाशी सुखात आहे. तुझ्या पायाला लोखंड लागू देऊ नकोस. सुई नको, सुरी नको. माझं भस्म लाव.'

विड्याच्या पानांचं वाचलं आणि वसंताबाईंचा बांध फुटला. चैत्राच्या अप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

चैत्राच्या मात्र अंगाची लाही झाली. सुई नको म्हणजे काय? आईला रोज इन्सुलिन लागायचं! ती तशीच उठून उभी राहिली. "मागच्या खोलीत कुणीतरी बसलंय! तिथून टाइप करतंय! खोली उघडा!"

हॉलमधून फूत्कार उठले. सामी मात्र हसले. त्यांनी सगळ्या शिष्यांना व्यासपीठावर रांगेत उभं केलं, हात वर करायला लावले, सगळ्यांचे फोन एका परातीत गोळा केले. मागची खोली उघडली. पांडुरंगराव बँकेत मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, गावात त्यांच्या शब्दाला मान. ते स्वतः आत जाऊन बघून आले. तांदळाची पोती आणि लग्नाची पातेली, बाकी काही नव्हतं. सामींनी पुढच्या भक्तासाठी दुसरं फूल वाहिलं. आणि यंत्राने पुन्हा लिहिलं! घडाघडा लिहिलं.

चैत्राची जी काही शोभा झाली ती विचारू नका. आई लंगडत जाऊन सामींच्या पाया पडली. सामींनी मोठ्या मनाने मुलीला क्षमा केली आणि प्रायश्चित्त म्हणून यंत्रतीर्थ प्यायला दिलं. यंत्रतीर्थ म्हणजे ज्या ओल्या फडक्याने सकाळी लॅपटॉप पुसला ते फडकं पिळून काढलेलं पाणी. शी! चैत्राने ते तोंडात धरलं, हॉलच्या मोरीपाशी गेली आणि थुंकली. किळस आली ती त्या पाण्याची थोडी, आणि ते रांगा लावून पिणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांची जास्त.

*

घर महामहम् तळ्याच्या मागच्या गल्लीत. मराठे तंजावरात आले तेव्हा यांचे पूर्वज आले, ते इथलेच झाले. घराबाहेर तामिळ, घरात ती जुन्या वळणाची मराठी. पुण्याच्या माणसाने ऐकली तर तो गालात हसेल. अप्पा होते तोवर घरात देवही होता आणि डॉक्टरही, आणि दोघांची कधी भांडणं झाली नव्हती.

आईच्या पायाला खडा लागल्याचं निमित्त झालं. साखरेच्या आजारात अशी जखम लवकर भरत नाही. पण डॉक्टर हरिकृष्ण नेमाने पट्टी बदलत होते आणि जखम सुकतही होती. तेवढ्यात पांडुरंगराव वहिनीला दर्शनाला घेऊन गेले. आणि मग इन्सुलिन फ्रिजमध्ये पडून राहिलं, पायावर राखेचे थर चढायला लागले.

नवरात्र बसलं. घरात गोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या, रोज नैवेद्याला सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, शिजलं, धूप जळला. पण त्या सगळ्याच्या खालून एक वास यायचाच. सडक्या जखमेचा वास एकदा नाकात गेला की माणूस जन्मात विसरत नाही. शेजारणी गोलू बघायला यायच्या आणि पदर नाकाला लावून लवकर निघायच्या. आईला ते दिसायचं. ती आणखी थोडं भस्म चोपडायची.

चैत्रा एकटीच जाऊन डॉक्टरांना भेटून आली.

"सरळ सांगतो," हरिकृष्ण म्हणाले. "हे असंच चाललं तर पाऊल जाईल. आणि आणखी उशीर केलात तर मी पावलावर थांबू शकणार नाही. त्यांना घेऊन ये. उचलून आण."

उचलून कशी आणणार? आई पट्टीला हातच लावू देत नव्हती. "त्या दिवशी तू सामींचा अपमान केलास," ती म्हणायची. "तुझा हात लागावयाचा नाही." चैत्राला वाटायचं, मीच घाण करून ठेवली. तोंड उघडलं आणि आईची श्रद्धा दुप्पट करून बसले.

आयुधपूजेच्या दिवशी सकाळी आईने स्वतःहून हाक मारली. फडकं सोडलेलं होतं. अंगठा काळा पडला होता. नुसता निळसर नाही, जळक्या लाकडासारखा काळा.

"किती दिवस झाले, आई?"

"तुला कशास सांगावे? तू ओरडली असतीस." आईने फडकं हातात घेतलं. "अगे, आज माझे टोकन आहे. आज मी ऋषींस विचारीन, अंगठा काळा का झाला. ते दवाखान्यात जा म्हणाले तर आजच जाईन. तुझ्या अप्पांची शपथ."

"आणि ते नको म्हणाले तर?"

आई फडकं पुन्हा गुंडाळू लागली.

*

आयुधपूजेला या भागात प्रत्येक हत्याराला चंदनकुंकू लागतं. विणकरांचे माग, रिक्षा, वजनकाटे, शिलाईयंत्रं, सगळं धुऊनपुसून मांडायचं, टिळे लावायचे, आणि संध्याकाळी दाराशी कोहळा फोडायचा. वसंताबाई तर यात पक्क्या. त्यांच्या घरी कॉफी दळायचं यंत्रसुद्धा टिळ्यावाचून राहत नसे. चैत्रा रेशमी साड्यांची नक्षी कॉम्प्युटरवर तयार करायचं काम करायची. दर वर्षी आई तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरच्या बाजूला चंदनाचं बोट आडवं ओढायची, त्यावर कुंकू टेकवायची, आणि दुसऱ्या दिवशी चैत्रा कुरकुरत ते पुसत बसायची.

हॉल त्या दिवशी नुसता फुलून गेला होता. दारासुरमचे विणकर बायकापोरांसकट आलेले. व्यासपीठाच्या पायरीशी भलामोठा कोहळा, वर भोक पाडून आत कुंकू भरलेला, समारोपाला फोडण्यासाठी तयार.

"आज ऋषींच्या आयुधाचा सन्मान!" सामी गरजले. "आणि तो मान कुणाला? जिच्यावर ऋषींची सर्वांत मोठी कृपा, त्या वसंता अम्मांना!"

चैत्राने आईचा दंड धरून तिला वर नेलं. मोठा पडदा अजून चालू केलेला नव्हता. सामींनी डोळे मिटून मंत्र सुरू केले होते. सीतालक्ष्मीने चंदनाची वाटी पुढे केली आणि कुजबुजली, "मागे झाकणाला लावा, अम्मा. फक्त झाकणाला."

वसंताबाईंनी झाकणाला टिळा लावला. पण एवढ्यावर थांबतील तर त्या वसंताबाई कसल्या!

"कपाळ मोकळे ठेवून कसे चालेल?" म्हणत त्या पुढच्या बाजूला आल्या आणि पडद्यावर अगदी वर चंदनाचं बोट या टोकाकडून त्या टोकाकडे ओढलं. मग मधोमध कुंकू.

सामींचा लॅपटॉप महागातला. त्याचा पडदा बोटाने चालणारा. चैत्रा शेजारीच उभी होती, तिने बघितलं. आईच्या बोटाखाली कोऱ्या पांढऱ्या पानाची वरची पट्टी आली, बोटाबरोबर पानही सरकलं आणि पार कडेला जाऊन अर्धं दिसेनासं झालं. मागे राहिलं ऋषींचं चित्र, लांब दाढीचं. सीतालक्ष्मीची पाठ होती, सामींचे डोळे मिटलेले. चैत्राच्याही डोक्यात तेव्हा काही आलं नाही. तिला फक्त तो वास येत होता, आईच्या पायाचा, चंदन आणि मोगऱ्याच्या खालून.

मोठा पडदा उजळला. आई खुर्चीत बसली, हात जोडले आणि मोठ्याने विचारलं, "सामी, माझा अंगठा काळा झाला आहे. मी दवाखान्यात जाऊ काय?"

सामींनी तबकातलं फूल उचलून वाहिलं. हात डोक्यावर जोडले. हॉल चिडीचूप.

बाण हलला. सरकत सरकत निघाला, मध्येच एका जागी थरथरला, क्षणभर रेंगाळला, पुन्हा निघाला आणि ऋषींच्या दाढीवर जाऊन टेकला. दाढीवर टिचकी मारली. आणि तिथेच बसला. एक अक्षर उमटेना!

हॉलमध्ये चुळबुळ झाली. सामींनी एक डोळा किलकिला केला. "ऋषी ध्यानात आहेत," ते म्हणाले आणि दुसरं फूल वाहिलं.

बाण पुन्हा निघाला. त्याच वाटेने. त्याच जागी थरथरला, तेवढाच रेंगाळला, आणि पुन्हा दाढीत जाऊन बसला.

"इथे कुणीतरी अपवित्र आहे!" सामींनी बोट रोखलं, थेट चैत्रावर. "हीच ती! हिच्या सावलीने ऋषी रुसले!"

चैत्राचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तिला तिच्या टेबलावरचा एक दिवस आठवत होता. साडीभर एकच कोयरी पसरायची असली की ती काय करायची? एकदा सगळं हाताने करायची. कोयरी उचल, उलटी कर, सरकव, ठेव. आणि ते करत असताना कॉम्प्युटरला सांगून ठेवायची, की माझी प्रत्येक हालचाल नोंदवून ठेव. मग एक बटण दाबलं, की कॉम्प्युटर तेच सगळं पुन्हा, पाहिजे तितक्या वेळा करायचा, आणि ही कॉफी पीत बसायची. त्या दिवशी नोंदवता नोंदवता मांजर मांडीवर उडी मारून आलं आणि हात हलला. तेव्हापासून प्रत्येक साडीत त्याच जागी बाण दचकायचा. मांजर केव्हाच निघून गेलं होतं, दचकणं राहिलं होतं.

अरे देवा! आणि आपण मागच्या खोलीत माणूस शोधत बसलो! आत्ता कुणाचा हात हलतोय ते बघत बसलो. हात काल रात्रीच हलून मोकळा झालेला!

ती पाटापाशी गेली. सीतालक्ष्मी आडवी आली, पण चैत्राने तिला बाजूला सारलं आणि चंदनाने माखलेलं ते पान बोटाने ओढून पुन्हा मधोमध आणलं. मग सामींनी वाहिलेलं फूल उचललं. त्याच्याखाली वरच्या रांगेतलं एक बटण होतं.

"सगळ्यांनी बघा," ती हॉलला म्हणाली. "सामी फूल ठेवतात, तेव्हा त्यांचं बोट फुलाखाली असतं. आता मी फुलाशिवाय दाबते."

तिने बटण दाबलं आणि हात वर केले. थोडा वेळ गेला. बाण निघाला, थरथरला, पानावर टेकला. अक्षरं उमटू लागली.

'वसंता, बाळ. तुझा पाय आता बरा होत आहे. अंगठ्यावर नवी कातडी येत आहे. भस्म सोडू नकोस.'

आईने वाचलं. पुन्हा वाचलं. तिची नजर पायाकडे गेली.

"पण अंगठा तर काळा झाला आहे," ती हळूच म्हणाली.

"काल टोकन घ्यायला आलीस तेव्हा सीतालक्ष्मीला काय सांगितलंस, आई?"

आईने ओठ चावला. "कॉफी देत होती. पाय कसा आहे विचारले. मला लाज वाटली. म्हटले, बरा होत आहे."

हॉलमध्ये कुजबूज उठली. "थोतांड!" सामी ओरडले. "पायाला आज सकाळी काय झालं ते ऋषींना ठाऊक आहे! ते भविष्य लिहितात! वसंता अम्मा समोर आहेत म्हणून त्यांनी लिहिलं!"

"समोर आहे म्हणून?" चैत्रा म्हणाली. "काका, आईला जरा उठवा."

पांडुरंगरावांनी बावचळून वहिनीला उठवलं. चैत्रा पायरीशी गेली, तो भलामोठा कोहळा दोन्ही हातांनी उचलला आणि आणून खुर्चीत बसवला. त्याच्या गळ्यात लॅपटॉपचा मोगऱ्याचा हार घातला. मागच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ऋषींना नमस्कार कर," ती कोहळ्याला म्हणाली आणि बटण दाबलं.

बाण निघाला. त्याच जागी थरथरला. आणि सगळ्या दारासुरमच्या डोळ्यांदेखत ऋषींनी कोहळ्याला लिहिलं,

'वसंता, बाळ. तुझा पाय आता बरा होत आहे.'

हॉलमध्ये मग जो काही गलका उठला! चैत्राने शेजारचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'रविशंकरा, तुझा मुलगा परदेशात सुखरूप आहे.' आणि हॉलच्या पार मागच्या टोकाला एक विणकर ताडकन उभा राहून ओरडला, "अय्यो! अजून माझा नंबर आला नाही! मी काही विचारलंच नाही!"

"तुम्ही विणकर आहात ना?" चैत्राने त्यालाच गाठलं. "मागावर मोर कोण काढतो?"

"अट्टै काढतात," रविशंकर म्हणाला. अट्टै म्हणजे जॅकार्डच्या मागावर चढवतात ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ.

"मागाला मोर माहीत असतो?"

"मागाला काय माहीत असणार? जशी भोकं पाडली तसा धागा उचलतो."

"भोकं कोण पाडतं?"

"माणूस. आधी बसून." रविशंकर बोलता बोलता थांबला. मग सामींकडे बघितलं. "म्हणजे यांनी आमच्या आधी बसून भोकं पाडली."

"हेच. कॉम्प्युटरमध्ये याला मॅक्रो म्हणतात. तुम्ही केलेल्या हालचाली तो ओळीने साठवून ठेवतो, आणि बटण दाबलं की तशाच्या तशा पुन्हा करतो. समोर कोण बसलंय ते त्याला कळत नाही. माणूस की कोहळा, काही कळत नाही. पान जरा सरकलं तर दाढीवर टिचक्या मारत बसतो. आदल्या दिवशी टोकन, टोकनाबरोबर कॉफी, कॉफीबरोबर तुमची सगळी दुःखं. रात्री कुणीतरी बसून टाइप करून ठेवतं. सकाळी सामी फूल वाहतात. एवढंच."

"ही मुलगी सैतानाची..." सामींनी सुरुवात केली खरी, पण माइक कुणीतरी बंद केला होता. त्या गुबगुबीत चेहऱ्यावर घाम आला होता आणि भस्माचे पट्टे घामाबरोबर ओघळत होते. बघवत नव्हतं. थोड्या वेळाने कुणाच्या लक्षात आलं, की सामी नाहीत, सीतालक्ष्मी नाही आणि चांदीचा पाटही नाही. लॅपटॉप मात्र तसाच राहिला होता, पडद्यावर कोहळ्याचा पाय बरा होत असल्याचं लिहून.

"पण पहिल्या दिवशीचे काय?" पांडुरंगराव अजून सोडायला तयार नव्हते. "विड्याच्या पानांचे कसे कळले?"

"भाऊजी, तेही मीच सांगितले होते," आई म्हणाली. "कॉफी फार चांगली होती. बोलत बसले." तिने खुर्चीतल्या त्या हार घातलेल्या कोहळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चैत्रा, रिक्षा बोलाव. हरिकृष्णांकडे चल."

*

डॉक्टरांनी फडकं सोडलं तेव्हा परिचारिकेनेही तोंड फिरवलं. राखेचा थर कोमट पाण्याने भिजवून भिजवून काढावा लागला. त्याखाली जे होतं ते इथे लिहीत नाही. ते बघायची वेळ कुणावर येऊ नये.

अंगठा गेला आणि शेजारचं बोट गेलं. पाऊल वाचलं.

"आडीत आल्या असत्या तर काहीच गेलं नसतं," हरिकृष्ण म्हणाले. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. बाहेर बाकावर पांडुरंगराव मान खाली घालून बसले होते. हिशेबात कुणाची पै चुकू न देणारा माणूस, पण वहिनीला त्या दारात त्यांनीच नेलं होतं. शिक्षण माणसाला वाचवतं असं आपण म्हणतो. पण वापरलंच नाही तर कसं वाचवणार?

आई घरी आली. काठी घेऊन चालायला लागली. सुई रोज स्वतःच टोचून घेऊ लागली. एकदा चैत्राच्या टेबलाशी येऊन बसली आणि म्हणाली, "ते बटण मला दाबू दे." दाबलं. साडीभर कोयऱ्या पसरत गेल्या आणि मधेच बाण दचकला.

"हे काय?"

"मांजर."

आई हसली. त्या महिन्यातलं तिचं ते पहिलं हसू.

मग कार्तिकात शेजारची गायत्री सांगत आली, की तिरुविडैमरुदूरला एक नवे सामी आले आहेत. नाव निराळं. पण यंत्र आहे, पडदा आहे, आणि रांगेतल्या बायकांना फार सुरेख कॉफी मिळते.

चैत्राने हातातलं काम बाजूला सारलं. किळस आली, आणि त्याहून जास्त संताप. "मी पोलिसांत जाते," ती म्हणाली.

"जा की. जरूर जा," आई म्हणाली. "पण आधी बाजारातून एक कोहळा आण. चांगला मोठा पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुविडैमरुदूरच्या बसमध्ये वसंताबाई काठी टेकून बसल्या होत्या आणि मांडीवर कोहळा होता. शेजारी चैत्रा.

"कोहळा घेऊन कुठे, अम्मा?" कंडक्टरने विचारलं.

"सामींच्या दर्शनास."

तिथेही रांग होती, चपलांचा ढीग होता. वसंताबाईंनी कॉफीला हात लावला नाही. रांगेच्या कडेने काठी टेकत टेकत त्या पुढे गेल्या, चप्पल काढली आणि दोन बोटं नसलेला तो पाय सगळ्यांना दिसेल असा पायरीवर ठेवला. नवऱ्याच्या मागे चारचौघांत कधी चढ्या आवाजात न बोललेली ती बाई खणखणीत आवाजात बोलली.

"मी देवावर विश्वास ठेवू नका असे म्हणत नाही. मी रोज पूजा करते. पण देवाच्या नावाने कोणी काही दाखविले तर नमस्कार करण्याच्या आधी पारखून घ्या. आपण प्रश्न विचारला तर देवास राग येत नाही, लबाडास येतो. आणि दुखणे असेल तर डॉक्टरकडे जा, आजच जा. मी नाही गेले. ही पाहा माझी बोटे."

मग तिने कोहळा चैत्राच्या हातात दिला.

"हा घे. यंत्रासमोरच्या खुर्चीत यास बसव." मग ती रांगेकडे वळली. "यास उत्तर आले तर तुम्ही सगळे घरी जा."